अण्णांची पेटी कुणी उतरवली

रोह्याच्या वाचनालयात अण्णांच्या नावाने विज्ञानकथांचं एक कपाट ठेवायचं ठरलं आहे. त्या निमित्ताने छोटी स्मरणिका निघते आहे. अण्णांच्या भाचीने तिचा मसुदा मला पाठवला आणि निरोप दिला, की तुम्ही मामाला सगळ्यांत जास्त ओळखत होता, तेव्हा दोन पानं लिहून द्या. मसुदा चांगला उतरला आहे. फक्त तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: 'पंचवीस वर्षं जमवलेला त्यांचा संग्रह त्यांच्याच विसरभोळेपणामुळे पेणच्या पुरात गेला.'

हे वाक्य भाचीने लिहिलं असलं तरी मूळचं माझं आहे. गेली तीसेक वर्षं मी ते सांगत आलो आणि ते खोटं आहे. ते कसं ते सांगायलाच मी बसलो आहे. पण अण्णा कोण होते हे आधी सांगायला हवं, नाहीतर काय गेलं ते कळायचं नाही.

आमचा पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. वडील होते तोवर त्यांना मोठे शेठ आणि मला धाकटे शेठ म्हणत. अण्णा आमच्याकडे आखणीला येत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळं रंगकाम झाल्यावर शेवटी आखणीवाला बसतो, आणि त्याने बुबुळात पांढरा ठिपका ठेवला की मूर्ती तुमच्याकडे बघू लागते. अण्णा माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, उंच, थोडे वाकलेले, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम हिरव्या शाईचं पेन. राहायला रोह्याला, बहिणीच्या घराशेजारच्या दोन खोल्यांत. लग्न केलं नव्हतं. मंगळावरच्या गोष्टी फार सांगायचे म्हणून गावाने त्यांना मंगळवाले केलं होतं. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं, पत्रिकेत मंगळ होता का, की म्हणत, "मला मंगळ नाही. मीच मंगळाला आहे."

पाऊस सुरू होईपर्यंतचे महिने ते पाट्या रंगवत. कोलाडपासून वडखळपर्यंत हायवेच्या कडेला त्यांच्या पाट्या होत्या. खांबला एका खाणावळीवर त्यांनी लिहिलं होतं, 'खांब आला, थांब'. मालकाला फक्त 'शाकाहारी व मांसाहारी' एवढंच हवं होतं. डोलवीला केस कापायच्या दुकानात आरशाच्या वर लिहून दिलं, 'डोलवी असले तरी मान डोलवू नये'. तो न्हावी पुढे मला म्हणाला, ती पाटी वाचून गिऱ्हाईक हसतं आणि हमखास मान हलवतं, अण्णांनी माझं काम वाढवून ठेवलंय. पण त्याने ती पाटी काही काढली नाही.

उलटसुलट सारखे वाचता येणारे शब्द ते गोळा करत. कडक, सरस, नवीन. 'नवजीवन' हा त्यांचा आवडता होता. काळात मागे गेलात काय आणि पुढे गेलात काय, त्याच घरी पोचवणारा शब्द, असं म्हणत. कालयंत्राच्या गोष्टी लिहिणाऱ्या साहेब लोकांना हा शब्द माहीत असता तर त्यांचा कितीतरी कागद वाचला असता, हेही वर ऐकवत. रोह्याहून पेणला येणाऱ्या यष्टीला ते कालयंत्रच म्हणायचे. उशिरा पोचले की डबा खाली ठेवत सांगायचे, "आज भविष्यकाळ वडखळला अडकला होता." हायवेचं काम अजूनही चालू आहे आणि मला अजूनही तिथे अडकलो की तेच आठवतं.

विज्ञानकथांचं त्यांचं वेड मात्र विनोदाचं नव्हतं. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी नाही. परदेशी गोष्टींची मराठी भाषांतरं, जुने दिवाळी अंक, मासिकांतून सुटी फाडलेली पानं, जे मिळेल ते रद्दीच्या दुकानांतून आणत. नवं पुस्तक घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. जुन्या गोष्टींवर जीव जास्त. ज्या काळी माणूस चंद्रावर गेला नव्हता त्या काळच्या चंद्रावरच्या गोष्टी त्यांना सगळ्यांत प्रिय. मी एकदा म्हटलं, अण्णा, ते सगळं आता चुकीचं ठरलंय, तिथे ना हवा ना माणसं. त्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला. एरवी ते आखणीच्या मधे ब्रश ठेवत नसत.

"धाकटे शेठ," ते म्हणाले, "विज्ञानकथेत खोटं एकदाच बोलायचं असतं. पहिल्या पानावर. चंद्रावर हवा आहे म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. त्यानंतर शेवटपर्यंत एक शब्द खोटा चालत नाही. हवा आहे म्हटलं की वारा हवा, धूळ हवी, धूळ डोळ्यांत गेल्यावर माणसाने डोळे चोळायला हवेत. जुने लोक हे करायचे. म्हणून ती गोष्ट चुकली तरी खोटी पडत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे अनेकदा ऐकलं. तेव्हा ते फक्त गोष्टींबद्दल आहे असं मला वाटे.

रद्दीतल्या अंकांची शेवटची पानं बहुधा गेलेली असतात. गोष्ट ऐन रंगात येते आणि मागे फक्त शिवणीचा दोरा. अण्णा शेवट स्वतः लिहीत. वहीच्या कागदावर, हिरव्या शाईत, छापील पानाच्या मापाने कापून, आणि गोणीच्या सुईने अंकाला शिवून टाकत. पुढेमागे तोच अंक पूर्ण मिळाला की दोन्ही शेवट ताडून बघत. कधी मूळ लेखकाला मान देत. कधी म्हणत, "ह्याने घाई केली. माझा शेवट बरा आहे." ती बढाई नसे. डोळा तिरका झाला तर जसं सांगत तसंच ते सांगत.

कारखान्यात ते वाचत नसत, कारण हात रंगाचे असत. पण गोष्टी सांगत. समोर माती मळायला खाडीकडच्या गावांतल्या बायका असत. त्यांत हिराबाय होती, माहेर-सासर दोन्हीकडे मिठागरं. ती अण्णांची सर्वांत कडक श्रोती. मंगळावर वसाहत करायला गेलेल्या लोकांची एक गोष्ट अण्णा तीन दिवस सांगत होते. बंद तंबूत भाजीपाला काय पिकवला, पाणी कसं वितळवलं, सगळं सविस्तर. तिसऱ्या दिवशी हिराबाय म्हणाली, "ते सगला खरा हाय अण्णा, पन तिथं मीठ कोन पिकवतं?"

अण्णा आठवडाभर जमवलेले अंक चाळत होते. मग कामावर येऊन सगळ्यांसमोर कबूल केलं, की एकाही लेखकाने मिठाचा विचार केलेला नाही. सगळे मंगळावर अळणी जेवतात. त्या गोष्टीचं शेवटचं पान तसंही नव्हतंच. अण्णांनी त्यात एक मिठागर घातलं, आणि लाल मातीच्या वाफ्यात तांबूस मीठ उचलणारी बाई घातली. ते वाचून दाखवलं तेव्हा हिराबाय फक्त म्हणाली, "हां. आता जेवतील."

त्यांनी आखलेल्या डोळ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. अण्णांच्या मूर्ती किंचित लांब बघत. एका वर्षी अलिबागकडचं गिऱ्हाईक मूर्ती परत घेऊन आलं. म्हणे बाप्पा आमच्याकडे बघतच नाही, आमच्या मागे बघतो, म्हातारी मागे वळून वळून बघते. वडील अण्णांना म्हणाले, "अण्णा, गणपतीला जरा माणसाकडं बघू दे रे." अण्णांनी तिथेच ठिपका पुसून दुसरा दिला आणि पुटपुटले, "झालं. आता ह्याला भिंतीपलीकडचं काही दिसायचं नाही."

आता पेटीचं.

रोह्यातल्या त्यांच्या खोल्यांना पावसाळ्यात ओल येई, म्हणून पुस्तकांची पत्र्याची पेटी त्यांनी आमच्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर ठेवली होती. कौलांखाली तिथे ऊब असे. काम नसलं तरी रविवारी येत, पेटी जिन्याच्या तोंडाशी ओढून दोन अंक काढून नेत आणि आधीचे दोन परत ठेवत. मोठ्या शेठना सांगून ठेवली होती, माझ्याही स्वाधीन केली होती. "माझ्या पुस्तकांवर लक्ष असू द्या, धाकटे शेठ," एवढंच म्हणाले होते, आणि मी हो म्हटलं होतं.

त्या वर्षी वडील आजारी होते आणि कारखाना पहिल्यांदाच मी एकटा बघत होतो. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एकेचाळीस कागदी मूर्तींची मागणी आली. शाडूच्या मूर्ती आम्ही नेहमीच करायचो, कागदी पहिल्यांदा घेतल्या, तेही मी वडिलांना न विचारता. कागद भिजवून लगदा करायचा, साच्यात भरायचा, आणि आतून बळकटी यावी म्हणून हाताने फाडलेल्या कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवायच्या. पावसात त्या वाळवायला सगळ्यांत चांगली जागा पोटमाळा. म्हणून तो रिकामा करायला घेतला.

भरलेली पेटी अरुंद जिन्यावरून एकट्याने उतरवणं जिकिरीचं होतं. मी पुस्तकं दोन पोत्यांत भरली, रिकामी पेटी खाली आणली आणि ठरवलं की सवड मिळाली की पुन्हा भरू. पोती भिंतीशी ठेवली. त्याच भिंतीशी रद्दीची पोती होती. पाऊस लवकर धरला होता, रद्दीवाल्याचा टेम्पो दोनदा येतो म्हणून सांगूनही आला नव्हता, आणि कागद कमी पडत होता. मी बाजारातून परतलो तेव्हा अण्णांच्या पुस्तकांचं एक पोतं फाडून टाकीत भिजत पडलं होतं. हिराबाय त्या दिवशी उशिरा आली होती, दुसऱ्या बायकांना अण्णांची पुस्तकं ओळखू येण्याचं कारण नव्हतं.

इथपर्यंत ती चूक होती. कुणाच्याही कारखान्यात झाली असती. मी टाकीपाशी उभा राहिलो. वर एक मुखपृष्ठ तरंगत होतं, निळ्या आभाळात दोन चंद्र.

हिराबायने दुसरं पोतं सोडलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शेठ, ही तं अण्णांची हायत. शिवलेली पानं हायत बघा. हीपन फारायची काय?"

अजून पंधरा मूर्तींचा कागद कमी होता. मागणी वेळेवर गेली नसती तर वडिलांना कळलं असतं की मी न विचारता घेतली आणि निभावता आली नाही. एक पोतं गेलंच आहे, मला वाटलं. अर्ध्या संग्रहाचं काय करायचं. असं मी मनाला समजावलं, आणि हे समजावायला मला फार वेळ लागला नाही.

मी म्हटलं, "फाड."

तिने हातातला अंक पोत्यात परत ठेवला. मग म्हणाली, "मी नाय फारनार." उठून माती मळायला गेली. ते पोतं मी स्वतः फाडलं. पहिलं पोतं चूक होती. दुसऱ्याला मी चूक म्हणू शकत नाही.

त्या पावसात अण्णा दोन रविवार आले नाहीत, आणि पंधरा दिवसांत भोगावतीला पूर आला. पाणी कारखान्यात कमरेइतकं चढलं. आमच्या आळीतल्या सगळ्यांचं काही ना काही गेलं. पोटमाळ्यावर पाणी पोचलं नाही, त्यामुळे कागदी मूर्ती तेवढ्या कोरड्या राहिल्या. खाली अण्णांची रिकामी पेटी चिखलाने काठोकाठ भरली होती.

पाणी ओसरल्यावर अण्णा रोह्याहून आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पेटीपाशी बसले. चिखलात हात घालून बराच वेळ चाचपडत राहिले. मग विचारलं, "पेटी खाली कशी आली?"

मी म्हटलं, "शेवटचे आलात त्या रविवारी तुम्हीच उतरवलीत ना, अण्णा. अंक बदलायला. वर चढवायची राहिली असेल."

"ओढली होती खरी," ते म्हणाले. "पुन्हा आत सारली असं मला वाटत होतं." थोड्या वेळाने, "पण एक पान तरी सापडायला हवं होतं."

"पाण्याला ओढ होती," मी म्हटलं.

एकदा एवढं बोलल्यावर पुढचं सगळं नियमाने आलं. ओढ कुठल्या बाजूची होती, झाकण उघडं कसं राहिलं, पानं गटाराच्या दिशेने कशी गेली असतील. जो विचारील त्याला मी सांगत होतो आणि त्यात एकही चूक करत नव्हतो. पहिलं पान खोटं, मग सगळं खरं. हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. हिराबाय तेव्हा तिथेच चिखल काढत होती. ती चिखलच काढत राहिली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कारखान्यात गेली. आता ती नाही.

श्रावणात आखणी सुरू झाली. एकेचाळीस कागदी मूर्ती अण्णांच्या पुढ्यात रांगेने आल्या. पहिली मूर्ती हातात घेऊन त्यांनी तिचं वजन जोखलं, कारण कागदी मूर्ती त्यांना नवी होती. मग ती हलकेच उलटी केली आणि पोकळीत बघितलं. मी चार हातांवर सोंडेला रंग देत होतो. त्यांनी मूर्ती उजेडाकडे वळवली. पुन्हा बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आत पट्ट्यांवर छापील अक्षरं होती, हे मला माहीत होतं. हिरवी शाई खळीत पसरून काही ठिकाणी डाग झाली होती, काही ठिकाणी नाही, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

त्यांनी मूर्ती सरळ केली, ब्रश घेतला आणि डोळे आखले. मग दुसरी घेतली, उलटी केली, आत बघितलं. सगळ्या एकेचाळीस मूर्ती त्यांनी अशाच आखल्या. एरवी जे काम तीन दिवसांचं, त्याला सहा दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून वहीत काहीतरी लिहीत. मी मनाशी म्हणायचो, ते कागदाचं काम तपासत असतील. शेवटची मूर्ती झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि विचारलं, "धाकटे शेठ, ह्यांचं विसर्जन कुठं होणार?"

"समुद्रात," मी म्हटलं. "मुंबईला."

"बरं," ते म्हणाले, आणि आपला डबा घेऊन यष्टीला गेले.

त्यानंतरही ते पंधरा-सोळा वर्षं आमच्याकडे येत राहिले. माझ्याशी वागणं तेच. गोष्टी मात्र सांगेनासे झाले. बाकीचे रंगारी थट्टा करायचे, अण्णा, ब्रश आणलात ना, का पुरात गेला? ते हसत. पेणमध्ये आणि रोह्यात ती गोष्ट इतकी पसरली, की विसरभोळेपणाचं उदाहरण द्यायचं तर अण्णांचं. मी ती कुणी विचारली की सांगायचो, आणि न विचारता पण सांगायचो.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. पुरानंतर पाच-सहा वर्षांनी रोह्याच्या ह्याच वाचनालयाला पुस्तकं सांभाळायला माणूस हवा होता. बिनपगारी, संध्याकाळी दोन तास. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा कशासाठी तरी अर्ज केला. मी तेव्हा वाचनालयाच्या कमिटीवर होतो, कारण आमची सासुरवाडी रोह्याची आणि मी देणगी दिली होती. बैठकीत एक जण हसत म्हणाला, मंगळवाल्यांच्या हाती पुस्तकं द्यायची म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कपाटं रिकामी. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पेटीचा साक्षीदार मी होतो. ते खरंच इतके विसरतात का, असं अध्यक्षांनी विचारलं.

मी मान हलवली. होकारार्थी.

अण्णा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना नकार सांगायला मीच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, खिशातलं हिरवं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "तुम्ही आत होतात ना?" मी हो म्हटलं. "बरं," ते म्हणाले. तसंच, मूर्तींच्या वेळी म्हणाले होते तसं.

पुढे त्यांचा हात कापू लागला आणि आखणी सुटली. मी कारखाना पुतण्याकडे दिला. रोह्याला गेलो की त्यांना भेटायचो. कुंडलिकेच्या काठी संध्याकाळी बसायचो. चार वर्षांपूर्वी असंच बसलो असताना मी ठरवून गेलो होतो. मी म्हटलं, "अण्णा, त्या पेटीबद्दल."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांना मोतीबिंदू झाला होता, पण नजर जाणवत होती. "हं," ते म्हणाले. "बोला."

ते थांबले. समोर नदीत एक जण होडी बांधत होता, तो बांधून घरी गेला तरी मी बोललो नव्हतो. मग मी म्हटलं, यंदा पाऊस उशिरा आहे.

अण्णा म्हणाले, "आहे खरा." आणि थोड्या वेळाने, "काही अंकांची शेवटची पानं फार उशिरा मिळतात, धाकटे शेठ. मिळतात पण."

मी अठ्ठ्याहत्तरीला आलो होतो आणि मला धाकटे शेठ म्हणणारे ते एकटेच उरले होते. गेल्या मार्गशीर्षात अण्णा गेले.

मसुदा येण्याच्या आधी भाची माझ्याकडे येऊन गेली होती. मामाच्या सामानात एक जुनी वही सापडली, त्यात गोष्ट आहे का काय आहे कळत नाही, तुम्हाला काही अर्थ लागतोय का बघा, असं तिने विचारलं. वही पातळ होती. हिरव्या शाईत वर लिहिलं होतं, 'पेण, श्रावण. एकेचाळीस.' खाली आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे एखादी ओळ, तुटलेली.

'एक. दोन चंद्र उगवले तेव्हा. (भाषांतर. मूळ अंक ठाण्याहून.)'

'चार. यंत्र सुरू झालं पण मागे. (पुढचं फाटलं.)'

'नऊ. वाचता येत नाही. शाई माझी.'

'सतरा. तांबूस मीठ उचलून तिने टोपलीत. (हा माझा. हिराबायसाठी.)'

मी भाचीसमोर बसून सगळे आकडे वाचले. प्रत्येक मूर्तीच्या पोटात जे वाचता आलं ते त्यांनी उतरवून घेतलं होतं. त्या सहा दिवसांत, माझ्यापासून चार हातांवर. मी कधी बोलतो याची त्यांनी पुढे तीस वर्षं वाट बघितली, की मला शिक्षा दिली, की दोन्ही, हे मला सांगता येत नाही. वहीत माझं नाव कुठेच नाही. राग नाही, कुणी केलं ते नाही. शेवटची नोंद अशी आहे:

'एकेचाळीस. आत काही वाचता आलं नाही. डोळे चांगले आले.'

त्याच्या खाली अर्धं पान कोरं आहे. अण्णांच्या हातून पान कोरं राहणं मी एरवी कधी पाहिलेलं नाही.

भाचीने विचारलं, कळलं का काही? मी म्हटलं, थोडा वेळ द्या. तो वेळ मी तिच्याकडून घेतला, तो हा.

ताई, स्मरणिकेच्या तिसऱ्या पानावरचं ते वाक्य काढा. वाचनालयाच्या जुन्या कमिटीतले जे कुणी हयात आहेत त्यांनाही हे पान दाखवा. छापायला फार लांबलं असेल तर माझ्या आठवणी, पाट्या, गमती, सगळं कापलंत तरी चालेल, खालच्या चार ओळी मात्र ठेवा. आणि वही त्या कपाटात ठेवाल तेव्हा शेवटच्या कोऱ्या पानानंतर ह्या ओळी गोणीच्या सुईने शिवून टाका. मी त्या मापाने कापून, हिरव्या शाईत, वेगळ्या लिहून पाठवतो आहे.

पेटी अण्णांनी उतरवली नव्हती. मी उतरवली.
पुस्तकं पुरात गेली नाहीत. एक पोतं चुकून फाटलं, दुसरं मी फाडलं.
अण्णा काही विसरले नव्हते.
मला विचारलं तेव्हा मी मान हलवली.